कोपऱ्यातली खुर्ची

वडोदऱ्याचे घर आवरून आम्ही जर्मनीतील म्युनिक शहरी आलो ते ऑक्टोबर 2022 मध्ये. बरोबर चार वर्षांची कन्या, दीड वर्षाचे चिरंजीव आणि चार बॅगा. त्यांतील एक गोडा मसाला, मेतकूट आणि कुळथाच्या पिठाने अर्धी भरलेली. नोकरी ठरलेली होती, भाड्याचे घर मिळाले होते, कागदपत्रे चोख होती. परदेशी जाताना जी तयारी करावयाची, ती सर्व आम्ही केली होती, अशी आमची समजूत होती.

पहिले काही आठवडे धावपळीत गेले. नव्या घरात आल्यावर दोन आठवड्यांच्या आत सरकारदरबारी नोंद करावी लागते, ती केली. येथील इमारतींत घरांना बहुधा क्रमांक नसतात. दारावरच्या घंटेपाशी आणि टपालपेटीवर आडनाव असते, त्यावरून टपाल येते. आमच्या आडनावाची ती चिंचोळी पट्टी लावून झाली, तेव्हा त्या एवढ्या मोठ्या शहरात आम्हांला ओळखणारी तेवढी एकच वस्तू आहे, हे ध्यानी आले.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे तासभर मागे घेतली गेली आणि वडोदऱ्याशी असलेले साडेतीन तासांचे अंतर साडेचार तासांचे झाले. डिसेंबरात दुपारी साडेचार वाजण्यापूर्वीच सूर्य मावळू लागला. कामे उरकून घरी फोन करावा, तो तिकडे निजानीज झालेली. रविवारी दुकाने बंद, रस्ते शांत. आमच्यापैकी एकाला कचेरी तरी होती; दुसऱ्याला दोन मुले, चार भिंती आणि खिडकी. मुलांपुढे हसतमुख राहावयाचे, आणि ती निजली की न्हाणीघराचा नळ सोडून रडावयाचे, असा क्रम कित्येक दिवस चालला. 

त्याच नोव्हेंबरात एके संध्याकाळी खिडकीखालून लहान मुलांची एक मिरवणूक गेली. प्रत्येकाच्या हाती काठीला टांगलेला कागदी कंदील, ओठांवर गाणे. संत मार्टिनच्या सणाला, 11 नोव्हेंबरच्या सुमारास, येथे अशा मिरवणुका निघतात. कन्येने काचेला नाक लावून ती पाहिली आणि विचारले, “आपण घरी कधी जायचं?” “अगं, हेच आपलं घर,” आम्ही म्हणालो खरे, पण आमच्या आवाजात बळ नव्हते, आणि मुलांना ते लगेच कळते.

जानेवारीत तिला बालवाडीत जागा मिळाली. लहान मुलांची शाळा ही या देशाची जगाला देणगी. फ्रीड्रिश फ्रोबेल यांनी 1837 मध्ये बाट ब्लांकेनबुर्ग या गावी तिचा आरंभ केला, आणि 1840 मध्ये तिला ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिले. आपल्याकडे गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी भावनगरच्या बालमंदिरात मुलाला भय न दाखवता शिकवण्याचा जो प्रयोग केला, तो गुजरातेत वाढलेल्या आम्हां मराठी मंडळींना ऐकून ठाऊक होता. तरीही येथे जे पाहिले, ते आम्हांला नवे होते.

मुलाला दारात सोडून, रडत असले तरी पाठ फिरवून निघून जावयाचे, ही आमच्या ओळखीची रीत. येथे तसे नाही. मूल रुळवण्याची ठरावीक पद्धत आहे. ‘आइनगेव्योनुंग’ असे तिला म्हणतात. तिचा सर्वांत प्रचलित आराखडा बर्लिनमध्ये तयार झाला. पहिले तीन दिवस आई किंवा वडील तासभर मुलाबरोबर वर्गातच बसतात. आपण होऊन काही करावयाचे नाही. कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून राहावयाचे. मूल खेळते, दचकते, धावत येऊन मांडीला बिलगते आणि पुन्हा जाते. चौथ्या दिवशी पालकाने निरोप घेऊन थोडा वेळ बाहेर जावयाचे. फार तर अर्धा तास. मूल सावरले तर वेळ वाढवावयाचा, न सावरले तर थांबावयाचे. या साऱ्या दिवसांत त्या मुलासाठी एकच शिक्षिका नेमलेली असते. परक्या जागेत एक चेहरा ओळखीचा झाला, की बाकीची जागा हळूहळू आपली होते, हे यामागचे सूत्र.

कन्या रडली थोडी; पण बोलली मात्र काहीच नाही. एप्रिल उजाडला तरी बालवाडीत तिच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. घाबरून आम्ही घरातही मोडकीतोडकी जर्मन बोलू लागलो. हे कळल्यावर तिच्या शिक्षिकेने आम्हांला बसवून सांगितले, की नवी भाषा ऐकत मुले महिनोन्‌महिने गप्प राहतात, त्यात काळजीचे कारण नाही. “घरातली भाषा मात्र काढून घेऊ नका. ज्या भाषेत तुम्ही तिचे लाड करता, ती तिच्या पायाखालची जमीन आहे.” त्या रात्री कित्येक दिवसांनी आम्ही तिला मराठीतून चिमणी-कावळ्याची गोष्ट सांगितली. घराचे दार चिमणी उघडीपर्यंत ती जागी होती.

मुलीची सोय झाली. पण आमचे काय? आमच्यासाठी कोपऱ्यात कोण बसणार होते? एकदा फोनवर आमचा बांध फुटला आणि ‘परत यावंसं वाटतं’ असे आईंना सांगून टाकले. आई 1969 साली बेळगावहून लग्न होऊन वडोदऱ्यास आल्या, तेव्हा त्यांना गुजरातीचा गंध नव्हता. त्या शांतपणे म्हणाल्या, “परत यायचं तर या, दार उघडंच आहे. पण मला त्या वेळी कुणी ‘माहेर विसर’ म्हणून सांगितलं नाही हो. शेजारच्या सविताबेन रोज दहा वाजता मला भाजीला सोबत न्यायच्या, एवढंच. घर आतून मांडता येतं, पण लागतं ते बाहेरून. रोज एकाच वेळी एकाच जागी जात जा.”

आम्ही तसे केले. रोज चार वाजता तेच क्रीडांगण, येताना तीच बेकरी. पाऊस असो वा बर्फ. हवा वाईट नसते, कपडे चुकीचे असतात, अशी येथे म्हणच आहे. पहिले काही आठवडे आम्ही नुसतेच बसून राहिलो, बालवाडीतल्या खुर्चीवर बसलो होतो तसे. मग बाकावरच्या एक आजीबाई मान हलवू लागल्या. मग वाळूच्या हौदापाशी एक तुर्की आई भेटली. तीही परदेशातूनच आलेली, पण आमच्या आधी. आणि एके दिवशी बेकरीतल्या बाईंनी आम्ही मागण्यापूर्वीच चिरंजीवांच्या हाती नेहमीचे ब्रेत्सेल ठेवले. पाव हाती घेऊन आम्ही बाहेर आलो तेव्हा डोळे भरून आले होते. पण ते रडू निराळे होते.

या ओळखींचे मोल 2023 च्या पावसाळ्यात कळले. वडोदऱ्यास बाबांना अचानक इस्पितळात न्यावे लागले. एकाला त्याच रात्री निघणे भाग होते, दुसऱ्याला कचेरी सुटत नव्हती. त्या तुर्की मैत्रिणीने न विचारता मुलांचे कपडे भरले आणि तीन दिवस त्यांना स्वतःच्या घरी ठेवले. बाबा बरे होऊन घरी आले. आपण येथे एकटे आहोत, हा आमचा जुना समज मात्र परत आला नाही.

घराची ओढ संपली, असे म्हणणे खोटे ठरेल. गणपतीत ती येते, आंब्याच्या दिवसांत येते, कधी कारणावाचूनही येते. तिला हाकलावयाचे नाही, कोपऱ्यात खुर्ची द्यावयाची, एवढे आता समजले आहे.

त्या वर्षी बालवाडीची कंदिलांची मिरवणूक 10 नोव्हेंबरला निघाली, आणि तीच धनत्रयोदशी होती. कन्या आता वर्गात अखंड बडबडत होती. तिने केलेला कागदी कंदील घेऊन आम्ही चौघे त्या मिरवणुकीत चाललो. घरी आल्यावर तिने तो आमच्या आकाशकंदिलाशेजारी खिडकीत टांगला आणि खाली जाऊन दोन्ही नीट दिसतात की नाही, ते पाहून आली.

आपल्यापैकी अनेकांची मुले-नातवंडे आज अशीच दूरदेशी आहेत. त्यांचा फोन आला, की “रुळलात का?” असे आपण विचारतो. त्या प्रश्नाला खरे उत्तर देणे फार कठीण असते. त्याऐवजी “आज कोण भेटलं?” एवढेच विचारून पाहावे.