कंपनी, दुकानदार आणि दुरुस्ती



या व्यासपीठावर विद्वान मंडळी बोलून गेली आहेत. माझे शाळेतले शिक्षण सातवीला संपले. पुढचे शिक्षण कामगार युनियनच्या कचेरीत झाले. बोनसची मागणी करायची तर कंपनीचा ताळेबंद वाचता आला पाहिजे, म्हणून तो वाचायला शिकलो. आणि ताळेबंद वाचता वाचता बाजार कसा चालतो हे थोडेफार उमजू लागले. आज जे सांगणार आहे ते त्याच शिदोरीतले आहे.

विषय सुचला तो एका साध्या प्रसंगावरून. चिखली तालुक्यातील उंद्री हे माझे गाव. आमच्या आळीतील एका शेतकऱ्याला पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाने दिवाळीत टीव्ही पाठवला. मोबाइलवरून मागवलेला, गावच्या दुकानापेक्षा बराच स्वस्त. सात महिन्यांनी पडदा काळा पडला. आमचे तात्या गावातल्या दुकानदाराकडे गेले. तो म्हणाला, "तात्या, माझ्याकडून घेतला असता तर मी चार फोन लावले असते. पण बिल माझे नाही, मी काय करू?" कंपनीला फोन केला, तक्रारीचा क्रमांक मिळाला. काही दिवसांनी शहरातून मिस्त्री आला, पडदा मागवावा लागेल म्हणून सांगून गेला. त्यात तीन आठवडे मोडले. तेवढ्या काळात तात्यांच्या घरी टीव्ही चालू होता, कारण त्याच दुकानदाराने आपल्याकडचा एक जुना संच त्यांना वापरायला दिला होता. विक्री त्याची नव्हती, नफा त्याचा नव्हता आणि ह्या उपकाराचा मोबदलाही त्याला कोणी दिला नाही.

या प्रसंगात तीन हात दिसतात. माल विकणारा दुकानदार, थेट विकणारी कंपनी किंवा तिची ऑनलाइन पेढी, आणि दुरुस्ती करणारी सेवा. टीव्ही, मोबाइल, संगणक बनवणारी प्रत्येक कंपनी हे तीन हात वापरते. कोणत्या हाताला किती काम द्यायचे आणि किती दाम द्यायचा, हा तिचा रोजचा हिशेब असतो.

प्रथम दुकानदाराचा हात पाहू. आपल्या जिल्ह्यातील माणसाला हे कापसाच्या उदाहरणावरून लवकर समजेल. कापूस शेतातून निघतो, खेडा खरेदीवाल्याकडे जातो, तेथून खामगावसारख्या बाजारपेठेत आणि जिनिंगमध्ये जातो. वाटेत प्रत्येक जण आपला वाटा काढून घेतो. मोबाइलची वाट हीच, पण उलट दिशेची. तो कारखान्यातून मोठ्या वितरकाकडे, तेथून जिल्ह्याच्या वितरकाकडे आणि शेवटी चिखलीच्या किंवा उंद्रीच्या दुकानात येतो. कंपनी ही साखळी का पोसते? कारण गावोगाव गाळे घ्यायला, नोकर ठेवायला आणि माल भरायला लागणारे भांडवल दुसरे कोणी घालते. माल पडून राहिला तर जोखीम बव्हंशी दुसऱ्याची. सोयाबीन विकल्यावर पैसे देतो म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला उधारी द्यायची की नाही, हे मुंबईच्या कचेरीत बसून ठरवता येत नाही. ते गावच्या दुकानदारालाच कळते. आणि वस्तू कशी चालवायची, हे म्हाताऱ्या माणसाला दहा वेळा न कंटाळता समजावून सांगणारा तोच.

मग कंपनीला स्वतःचे दुकान कशाला हवे? त्याचीही कारणे आहेत. दुकानदार पाच कंपन्यांचा माल एकाच फळीवर मांडतो आणि ज्यात त्याला जास्त सुटते तो पुढे करतो. कंपनीच्या दुकानात शेजारी दुसऱ्याचा माल नसतो. किंमत तिच्या हातात राहते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गिऱ्हाइकाचे नाव, पत्ता आणि त्याची आवडनिवड तिला थेट कळते. पुढच्या वर्षी त्याच माणसाला काय विकायचे, हे त्यावरून ठरते.

याचे ठळक उदाहरण ॲपल या अमेरिकन कंपनीचे. तिने आपली पहिली दोन दुकाने अमेरिकेत १९ मे २००१ रोजी उघडली. भारतात मात्र ती कितीतरी वर्षे वितरक आणि विक्रेत्यांच्या मार्फतच माल विकत होती. त्याला आपले कायदेही कारण होते. एकाच नावाचा माल विकणाऱ्या परदेशी पेढीला २००६ साली ५१ टक्के भांडवलाची मुभा मिळाली. २०१२ मध्ये ती १०० टक्के झाली, पण ५१ टक्क्यांवर जाणाऱ्या पेढीने ३० टक्के खरेदी या देशातून केली पाहिजे अशी अट होती. ऑगस्ट २०१९ मध्ये ही अट सैल झाली आणि आधी ऑनलाइन विक्री सुरू करण्यासही परवानगी मिळाली. त्यानंतर २३ सप्टेंबर २०२० रोजी ॲपलची ऑनलाइन पेढी सुरू झाली, १८ एप्रिल २०२३ रोजी मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात तिचे भारतातील पहिले दुकान उघडले आणि सप्टेंबर २०२५ मध्ये पुण्याच्या कोरेगाव पार्कात दुकान आले.

हे वाचून कोणाला वाटेल की आता दुकानदाराचे दिवस भरले. तसे नाही. ॲपलच्याच वार्षिक अहवालाप्रमाणे सप्टेंबर २०२४ मध्ये संपलेल्या वर्षात तिची जगभरातील ३८ टक्के विक्री थेट झाली आणि ६२ टक्के इतरांच्या मार्फत. एवढी श्रीमंत कंपनी, तेवीस वर्षे स्वतःची दुकाने चालवणारी. तरी त्या वर्षी शंभरातले बासष्ट रुपये तिला दुसऱ्याच्या हातून आले. शाओमी या चिनी कंपनीने उलट टोकाकडून सुरुवात केली. जुलै २०१४ मध्ये ती भारतात आली तेव्हा दुकानदाराला वगळून फक्त फ्लिपकार्टवर मोबाइल विकत होती. मे २०१७ मध्ये तिलाही बंगळूरला आपले पहिले दुकान उघडावे लागले आणि पुढे गावोगावच्या दुकानदारांना जवळ करावे लागले. एका हाताने कोणाचेच भागत नाही, एवढे या दोन उदाहरणांवरून दिसते.

आता तिसरा हात, सेवेचा. हा शब्द फसवा आहे. सेवा म्हटली की आपल्याला दुरुस्ती आठवते. कंपनीच्या हिशेबात सेवा म्हणजे वाढीव वॉरंटीचे पैसे, फोटो साठवण्याचे महिन्याचे भाडे, गाणी आणि सिनेमांची वर्गणी, आणि तिच्या मंचावर दुसऱ्याने विकलेल्या वस्तूवरचे कमिशन. त्याच वर्षी ॲपलने वस्तूंच्या विक्रीतील दर शंभर रुपयांमागे थेट खर्च वजा जाता सुमारे ३७ रुपये राखले. सेवांमध्ये सुमारे ७४. मोबाइल एकदाच विकला जातो, वर्गणी दर महिन्याला येते. म्हणून कंपनीचे लक्ष वस्तूवरून वस्तूबरोबर जडणाऱ्या नात्याकडे वळले आहे. या मासिक उत्पन्नात मोबाइल विकणाऱ्या गावच्या दुकानदाराचा वाटा बहुधा नसतो. ते नाते जोडून मात्र त्यानेच दिलेले असते.

येथे भांडणाला सुरुवात होते. कंपनी एका हाताने दुकानदाराला माल देते आणि दुसऱ्या हाताने त्याच्याच गिऱ्हाइकाला तोच माल स्वस्तात देऊ करते. नवा नमुना आधी ऑनलाइन येतो, दुकानात उशिरा. अचानक किंमत उतरते, तेव्हा दुकानात पडलेल्या जुन्या भावाच्या मालाचा तोटा भरून देण्यात दिरंगाई होते. जानेवारी २०२० मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने ॲमेझॉन आणि फ्लिपकार्ट यांच्या चौकशीचा आदेश दिला. काही मोबाइल फक्त त्यांच्याच मंचावर निघतात आणि काही निवडक विक्रेत्यांना झुकते माप मिळते, असे गाऱ्हाणे त्यामागे होते. प्रकरण पुढे न्यायालयांतही गेले. एप्रिल २०२४ मध्ये दक्षिणेतील संघटित विक्रेत्यांच्या संस्थेने वनप्लस कंपनीला पत्र लिहून १ मेपासून तिचा माल विकणे थांबवण्याचा इशारा दिला. सुटणारा नफा तुटपुंजा, वॉरंटीचे दावे रखडलेले, एका मालाबरोबर दुसरा गळ्यात मारला जातो, अशा तक्रारी त्यात होत्या. सुमारे साडेचार हजार दुकानांचा हा प्रश्न होता आणि त्यांत महाराष्ट्रातलीही होती. एकेकटा दुकानदार जे बोलू शकत नव्हता ते सगळे मिळून बोलले. आम्हा युनियनवाल्यांना ही भाषा ओळखीची वाटते.

पण माझा मुख्य मुद्दा पुढे आहे. या तीन हातांत माणसे आहेत. मोठ्या दुकानात कंपनीचा रंगीत सदरा घालून उभा असलेला मुलगा आपण पाहतो. त्याच्याशी मी एकदा बोललो. सदरा कंपनीचा, पगार कुठल्याशा ठेकेदार एजन्सीचा, आणि दिवसभर हुकूम दुकानमालकाचा. मी विचारले, "बाळ, तू नोकर कोणाचा?" तो हसला आणि म्हणाला, "साहेब, महिन्याचं टार्गेट झालं तर तिघांचा. नाही झालं तर कोणाचाच नाही." घरोघरी जाणाऱ्या दुरुस्तीच्या मिस्त्रीचीही पुष्कळदा हीच कथा. दर तक्रारीमागे ठरलेला आकडा, पेट्रोल ज्याचे त्याने घालायचे. मग उंद्रीसारख्या लांबच्या गावी यायला तो नाखूश असला तर दोष त्याचा म्हणायचा की त्या हिशेबाचा?

जेथे कंपनी थेट मालक असते तेथे निदान कोणाकडे मागायचे हे तरी स्पष्ट असते. अमेरिकेत मेरीलँड राज्यातील टाउसन येथील ॲपलच्या दुकानातील नोकरांनी जून २०२२ मध्ये मतदान करून युनियन निवडली. त्या देशातील ॲपलच्या दुकानांतली ती पहिली, आणि २०२४ साली त्यांचा पहिला करार झाला. चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूर येथे सॅमसंगच्या कारखान्यातील कामगार ९ सप्टेंबर २०२४ पासून ३७ दिवस संपावर होते. वेतनाइतकीच युनियनला मान्यता हीही त्यांची मागणी होती. ठेकेदाराच्या मुलाला मात्र संप कोणाविरुद्ध करायचा हेच कळत नाही.

मी कंपन्यांना शिव्या द्यायला उभा नाही. ऑनलाइन विक्रीमुळे गरिबाच्या हाती स्वस्त मोबाइल आला, हे खरे आहे. कंपनीच्या चांगल्या दुकानात किंमत एकच असते, घासाघीस नसते, फसवणूक कमी असते. गावचा प्रत्येक दुकानदार काही संत नव्हे. न देता आलेले बिल आणि छापील किमतीहून जास्त घेतलेले पैसे मीही अनुभवले आहेत. आणि घरातला पंखा मीसुद्धा शंभर रुपये वाचतात म्हणून ऑनलाइनच मागवला, हेही कबूल करतो. माझे म्हणणे एवढेच की ज्याच्यावर जबाबदारी टाकली आहे त्याला वाटा मिळाला पाहिजे. समजावणे, ऐकून घेणे, दुरुस्त करणे ही कामे गावात होतात, आणि त्यांचा मोबदला गावात येत नाही, तेव्हा ती कामे हळूहळू बंद पडतात. मग पडदा काळा पडल्यावर गिऱ्हाइकाला दार ठोठवायला कोणी उरत नाही.

यावर उपाय काय? काही आपल्या हातात आहेत. पक्के बिल घेतल्याशिवाय वस्तू घेऊ नका. वाढीव वॉरंटी घेताना ती कंपनीची की दुकानाची, आणि मिस्त्री घरी येणार की वस्तू आपण न्यायची, हे आधी विचारा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्याप्रमाणे आपण जेथे राहतो किंवा काम करतो तेथील जिल्हा आयोगात तक्रार करता येते. कंपनी परगावची असली तरी उंद्रीच्या माणसाला बुलढाण्याला दाद मागता येते, आणि वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. त्याआधी १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीला फोन करून पाहावा.

दुसरी गोष्ट सुट्या भागांची. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून नियम लागू केला आहे की मोबाइलचा नमुना बाजारातून गेल्यावरही सात वर्षे त्याचे महत्त्वाचे सुटे भाग मिळाले पाहिजेत. आपल्याकडे केंद्र सरकारने २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केले. ती माहितीची सोय आहे, सक्ती नव्हे. सक्ती व्हावी अशी मागणी आपण केली पाहिजे. भाग रास्त भावात मिळाले तर आय.टी.आय. झालेला आमच्याकडचा मुलगा गावातच टीव्ही दुरुस्त करील. त्याला पुण्याला जाऊन रंगीत सदरा घालून उभे राहावे लागणार नाही.

तिसरी गोष्ट संघटनेची. दुकानदारांनी आपल्या संघटनेतून लेखी अटी मागाव्यात, आणि त्याच अटींत काउंटरवरच्या मुलाच्या आणि मिस्त्रीच्या वेतनाचाही उल्लेख असावा. दुकानदार आणि नोकर यांचे भांडण जुने आहे, मला ते चांगले ठाऊक आहे. पण या एका हिशेबात दोघेही साखळीच्या एकाच टोकाला उभे आहेत.

तात्यांच्या टीव्हीला शेवटी नवा पडदा बसला. जुना संच परत द्यायला ते दुकानात गेले तेव्हा मी बरोबर होतो. तात्यांनी भाड्याचे म्हणून काही पैसे पुढे केले. दुकानदाराने ते घेतले नाहीत. म्हणाला, "पुढच्या वेळी विचारून घ्या, एवढंच." पुढच्या वेळी तात्यांनी काय करावे हे मी सांगणार नाही, त्यांच्या खिशाचा प्रश्न आहे. पण त्या वेळेपर्यंत ते दुकान उघडे राहावे, यासाठी आपण सर्वांनी काही करावे एवढी विनंती करतो आणि आपली रजा घेतो.