सेंट्रल पार्क : मैदान पाडले गेले, आठवणी उरल्या

इंग्लंडच्या वायव्य भागातील विगन या शहरात आज जेथे टेस्को कंपनीचे मोठे सुपरमार्केट आणि त्याचा वाहनतळ आहे, तेथे १९९९ पर्यंत रग्बी लीग या खेळाचे 'सेंट्रल पार्क' हे मैदान होते. तब्बल ९७ वर्षे विगनच्या संघाने आपले घरचे सामने या मैदानावर खेळले. मैदान जमीनदोस्त होऊन पाव शतक लोटले आहे. तरीही शहरातील जुन्या चाहत्यांच्या बोलण्यात त्याचा विषय हमखास निघतो. या आठवणींचे वैशिष्ट्य असे की, त्यांत जिंकलेल्या चषकांच्या बरोबरीने किंवा काकणभर अधिकच, उभे राहण्याची ठरलेली जागा, शेजारी उभी असणारी माणसे आणि मैदानाकडे जाणारा रस्ता यांना स्थान मिळते.

कामगारांचा खेळ

ही ओढ समजून घेण्यासाठी या खेळाचा उगम पाहावा लागेल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उत्तर इंग्लंडमधील रग्बी संघांत कोळसा खाणी आणि कापड गिरण्यांतील कामगारांचा मोठा भरणा होता. सामन्यासाठी काम सोडून यावे लागल्याने बुडणारी मजुरी खेळाडूंना भरून द्यावी, अशी उत्तरेकडील क्लबांची मागणी होती. हौशी खेळाच्या तत्त्वाला धरून बसलेल्या संघटनेने ती नाकारली. त्यामुळे २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्ड येथील जॉर्ज हॉटेलमध्ये झालेल्या बैठकीत या क्लबांनी वेगळी वाट धरली. पुढे नियम बदलले, १९०६ मध्ये संघातील खेळाडूंची संख्या १५ वरून १३ करण्यात आली आणि रग्बी लीग हा स्वतंत्र खेळ आकाराला आला. मजुरीच्या प्रश्नातून जन्मलेला हा खेळ उत्तरेकडील कामगार वस्त्यांनी आपला मानला. ज्या विगनमधील खाण कामगारांचे हलाखीचे जीवन जॉर्ज ऑरवेल यांनी १९३७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द रोड टू विगन पिअर' या पुस्तकात जगासमोर मांडले, तेच हे शहर.

शहराच्या मध्यभागी मैदान

सेंट्रल पार्कवरील पहिला सामना ६ सप्टेंबर १९०२ रोजी बॅटली संघाविरुद्ध झाला आणि विगनने तो जिंकला. डग्लस नदीच्या काठी असलेले हे मैदान, नावाप्रमाणेच, शहराच्या मध्यवर्ती भागात होते. बाजारपेठेतून पायी निघालेला माणूस काही मिनिटांत प्रवेशद्वाराशी पोहोचत असे. सामन्याच्या दिवशी शहर आणि मैदान यांच्यातील सीमारेषाच पुसली जाई.

मैदानाच्या एका टोकाच्या उंच, पायऱ्यांच्या चढणीला 'कॉप' असे म्हणत. ब्रिटनमधील अनेक मैदानांवर आढळणारे हे नाव दक्षिण आफ्रिकेतील स्पिऑन कॉप या टेकडीवरून आले आहे. बोअर युद्धात जानेवारी १९०० मध्ये तेथे झालेल्या लढाईत लँकेशायरच्या पलटणींतील अनेक सैनिक कामी आले. पुढे मैदानांवरील अशा चढणींना त्या टेकडीचे नाव पडले. भारतीय वाचकांना या टेकडीची आणखी एक ओळख आहे. याच लढाईत मोहनदास करमचंद गांधी यांच्या पुढाकाराने उभारलेल्या भारतीय शुश्रूषा पथकाने जखमी सैनिकांना डोल्यांवरून वाहून नेण्याचे काम केले होते.

विक्रम आणि खेळाडू

२७ मार्च १९५९ रोजी, गुड फ्रायडेच्या दिवशी, शेजारच्या सेंट हेलन्स संघाविरुद्धच्या सामन्याला ४७,७४७ प्रेक्षक उपस्थित होते. मैदानाचा हा विक्रम शेवटपर्यंत अबाधित राहिला. त्या काळातील प्रेक्षकांच्या तोंडी प्रथम नाव येते ते बिली बोस्टन यांचे. वेल्समधील कार्डिफ येथे जन्मलेल्या बोस्टन यांनी १९५३ ते १९६८ या काळात विगनसाठी ४७८ 'ट्राय' केले. चेंडू प्रतिपक्षाच्या गोलरेषेपलीकडे जमिनीवर टेकवून गुण मिळविणे, म्हणजे ट्राय. जून २०२५ मध्ये त्यांना 'सर' हा किताब जाहीर झाला. हा मान मिळविणारे ते रग्बी लीगचे पहिलेच खेळाडू होत.

नंतरच्या पिढीसाठी ७ ऑक्टोबर १९८७ ची रात्र संस्मरणीय ठरली. ऑस्ट्रेलियाचा विजेता संघ मॅन्ली आणि इंग्लंडचा विजेता संघ विगन यांच्यात सेंट्रल पार्कवर प्रकाशझोतात सामना झाला. अधिकृत नोंदीनुसार ३६,८९५ प्रेक्षक हजर होते. दोन्ही संघांना एकही ट्राय करता आला नाही. तरीही डेव्हिड स्टीफन्सन यांच्या चार पेनल्टी गोलांच्या बळावर विगनने ८-२ असा विजय मिळविला. त्यानंतर १९८८ ते १९९५ अशी सलग आठ वर्षे विगनने चॅलेंज कप जिंकला.

मैदान का गेले?

इतके वैभव पाहिलेले मैदान पाडण्याची वेळ का आली, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. १९८९ मध्ये शेफील्डच्या हिल्सबरो फुटबॉल मैदानावर झालेल्या चेंगराचेंगरीने ब्रिटन हादरला. त्या दुर्घटनेतील मृतांची संख्या अखेर ९७ वर गेली. या दुर्घटनेच्या चौकशीचा अंतिम अहवाल न्यायमूर्ती टेलर यांनी १९९० मध्ये सादर केला आणि मैदानांच्या सुरक्षिततेचे निकष कडक झाले. सर्व प्रेक्षकांसाठी आसने हवीत ही सक्ती प्रामुख्याने बड्या फुटबॉल क्लबांपुरती होती. परंतु जुन्या मैदानांची डागडुजी रग्बी लीगच्या क्लबांनाही महाग पडू लागली. याच सुमारास खेळाडूंचे मानधन वाढले आणि अनेक क्लब कर्जात गेले. त्यांच्याजवळ विकण्याजोगी एकच मौल्यवान वस्तू होती, ती म्हणजे मोक्याच्या जागेवरील जमीन.

विगन हे एकटे उदाहरण नव्हे. स्विंटनचे स्टेशन रोड १९९२ मध्ये, ओल्डहॅमचे वॉटरशेडिंग्ज १९९७ मध्ये, हॅलिफॅक्सचे थ्रम हॉल १९९८ मध्ये आणि सेंट हेलन्सचे नोज्ली रोड २०१० मध्ये क्लबांनी सोडले. कोठे घरे उभी राहिली, तर कोठे सुपरमार्केट. सेंट्रल पार्कवरील अखेरचा सामना ५ सप्टेंबर १९९९ रोजी सेंट हेलन्स याच जुन्या प्रतिस्पर्ध्याविरुद्ध झाला. विगनने तो २८-२० असा जिंकला आणि संघ शहराच्या मध्यापासून काहीशा दूर असलेल्या रॉबिन पार्क भागातील नव्या स्टेडियममध्ये गेला.

आठवणींचे स्वरूप

बसण्याच्या आसनाला क्रमांक असतो. उभे राहण्याच्या पायरीला तो नसतो. मात्र वर्षानुवर्षे त्याच पायरीवर, त्याच खांबाजवळ उभे राहणाऱ्यांची ती जागा आपोआप ठरून जाते. आजूबाजूच्या माणसांची नावे ठाऊक नसली तरी चेहरे ओळखीचे होतात. एखादा चेहरा दोन-तीन आठवडे दिसला नाही की चौकशी सुरू होते. वडिलांचे बोट धरून आलेले मूल पुढे स्वतःच्या मुलाला घेऊन तेथेच येते. हिवाळ्यातील चिखल, हातातील गरम पाय आणि मैदानाबाहेर पडताना होणारी दाटी हे तपशील म्हणूनच मनात घर करून राहतात.

माणसाला विशिष्ट स्थळाविषयी वाटणाऱ्या अशा जिव्हाळ्याला भूगोलतज्ज्ञ यी-फू तुआन यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात 'टोपोफिलिया' म्हटले. पुढे जॉन बेल या अभ्यासकाने हीच कल्पना क्रीडांगणांना लागू केली. या दृष्टीने पाहता चाहत्यांची हळहळ विटा आणि लोखंडासाठी नसते. न ठरवता होणारी दर पंधरवड्याची भेट कायमची बंद झाली, याचे ते दुःख असते. नव्या स्टेडियममध्ये सर्वांना आसने मिळाली. पण एकत्र उभे राहणारी टोळकी वेगवेगळ्या रांगांत विखुरली.

या आठवणींना सोनेरी मुलामा चढतो, हेही खरे. जुन्या मैदानांवर पावसात भिजत उभे राहावे लागे, स्वच्छतागृहे अपुरी असत आणि अपंग प्रेक्षकांची सोय जेमतेम असे. हे सारे भोगलेले चाहतेही त्या गैरसोयी आठवून हसतात, यातच त्या जिव्हाळ्याचे मर्म दडलेले आहे.

स्मृतींचा उपयोग

या स्मरणरंजनाला आता एक गंभीर बाजूही आहे. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांना जुन्या सामन्यांची छायाचित्रे आणि कार्यक्रमपत्रिका दाखवून बोलते करण्याचे उपक्रम ब्रिटनमध्ये 'स्पोर्टिंग मेमरीज' सारख्या संस्था राबवितात. कालचे विसरलेल्या माणसाला पन्नास वर्षांपूर्वीची पायरी आठवू शकते आणि त्या निमित्ताने त्याला पुन्हा चार माणसांची सोबत मिळते.

मैदान गेल्याने विगनचा खेळ थांबला नाही. २०२४ मध्ये या संघाने जागतिक क्लब विजेतेपदासह चारही प्रमुख चषक जिंकले. मैदान विकताना जमिनीची किंमत काढता येते. तेथे जमणाऱ्या माणसांच्या नात्यांची नोंद मात्र कोणत्याही करारात नसते. ती चाहत्यांनाच जपावी लागते. नवी स्टेडियम उभारताना प्रेक्षकांच्या जुन्या सोबत्यांचा विचार झाला, तर पाडलेल्या मैदानांपासून काही शिकलो, असे म्हणता येईल.