मांजराचें पोट बिघडलें असतां

आपल्या भाषेनें मांजरासंबंधीं एक समजूत इतकी पक्की करून ठेविली आहे कीं, तिच्याविरुद्ध बोलणें हें थोडें धार्ष्ट्यच होय. मांजर डोळे मिटून दूध पितें, हें आपण लहानपणापासून ऐकत आलों. त्यामुळें घरांतलें मांजर ओकूं लागलें किंवा त्याला पातळ शौचास होऊं लागलें, कीं कोमट दुधाची बशी त्याच्यापुढें येते. हेतु प्रेमाचाच असतो. उपाय मात्र रोग वाढविणारा असतो.

दुधांतील साखर पचविण्यास लॅक्टेज नांवाचें पाचक द्रव्य लागतें. पिलाच्या आंतड्यांत तें भरपूर असतें. आईचें दूध तुटल्यावर कमी होत जातें, आणि मोठ्या मांजरांपैकीं पुष्कळांत फारच थोडें उरतें. मग न पचलेली साखर आंतड्यांत पाणी ओढून घेते, तेथील जंतु तिला आंबवितात, आणि जुलाब वाढतात. मांजर दूध आवडीनें पितें हा कांहीं पुरावा नव्हे. शाळेंतलीं मुलें पाटीवरची पेन्सिलही आवडीनें खातात, हें मीं अनेक वर्षें पाहिलें आहे.

मांजर ओकलें म्हणजे आजारीच पडलें असेंही नाहीं. अंग चाटतांना पोटांत गेलेले केस तें अधूनमधून ओकून टाकतें व लगेच खेळूं लागतें. एकदोनदां ओकूनही तें हुशार असेल, पाणी पीत असेल, तर एखादा दिवस घरीं शुश्रूषा करून पाहण्यास हरकत नाहीं.

ओकारी चालू असतां मोठ्या मांजरापुढें चारपांच तास अन्न ठेवूं नये; पाणी मात्र तोडूं नये, थोडें थोडें द्यावें. लंघन हें आपल्याकडील आवडतें औषध. पण मांजराच्या बाबतींत तें लांबवूं नये. उपाशी मांजराच्या अंगांतील चरबी यकृतांत सांचूं लागते व यकृत निकामी होऊं शकतें. लठ्ठ मांजरास हा धोका विशेष. म्हणून सबंध दिवस तोंडांत घास न घेणाऱ्या मांजरास पशुवैद्याकडे न्यावें. लहान पिलांना तर लंघन मुळींच घालूं नये.

पुढें अन्न द्यावयाचें तें कोंबडीच्या छातीचें मांस, हाड व कातडें काढून, नुसत्या पाण्यांत शिजवलेलें. मीठ, तिखट, फोडणी कांहीं नको. कांदा व लसूण तर विषच. त्यांनीं मांजराच्या रक्तांतील तांबड्या पेशी फुटतात. प्रथम चहाचा चमचाभर द्यावें, तें पोटांत ठरलें तर दोनतीन तासांनीं पुन्हां. ज्या घरीं मांस शिजत नाहीं तेथें पशुवैद्याकडून तयार अन्न आणावें. आपण शाकाहारी असलों तरी मांजर नाहीं.

शरीरांतलें पाणी कमी झालें कीं काय, हें पाहण्यासाठीं हिरडीला बोट लावावें. ती ओलसर व बुळबुळीत लागली पाहिजे. चिकट लागली तर घरगुती उपाय संपले असें समजावें.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. मांजराच्या अंगाची स्वाभाविक उष्णता सुमारें ३८ ते ३९ अंश सेल्सियस, म्हणजे आपल्याहून अधिक असते. हात लावतांच तें आपल्याला तापलेलें वाटतें, आणि घरांतील तापाची गोळी काढण्याचा मोह होतो. ती गोळी बहुधा पॅरासिटामोलची असते. आपलें यकृत हें द्रव्य निरुपद्रवी करून बाहेर टाकतें. मांजराच्या यकृतांत ती शक्ति जवळजवळ नाहींच. रक्ताला प्राणवायु वाहून नेतां येईनासा होतो, हिरड्या तपकिरी पडतात, तोंड व पंजे सुजतात. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा जीव घेण्यास पुरेशी आहे. आमच्या आळींत एका घरीं असेंच एक मांजर दुसऱ्या दिवशीं गेलें. गोळी भरविणारी आजी त्याला उशाशीं घेऊन निजणारी होती. चुकून गोळी दिली गेली असेल तर लक्षणांची वाट न पाहतां निघावें. तिच्यावर उतारा आहे, पण तो वेळेवर मिळाला पाहिजे. माणसांच्या जुलाबाच्या गोळ्याही आपल्या मनानें देऊं नयेत.

ओकारी थांबत नसेल, रक्त पडत असेल, मांजर निपचित पडलें असेल, तर थांबूं नये. दोरा गिळला असून त्याचें टोंक बाहेर दिसत असेल तर तो ओढूं नये, आंतडीं चिरतात. बोका वारंवार बसून कुंथतो आहे, पण कांहीं होत नाहीं, असें दिसलें तर त्याला बद्धकोष्ठ समजूं नका. बहुधा लघवी अडलेली असते, आणि एकदोन दिवसांत ती प्राणावर बेतते.

लस न टोंचलेल्या पिलास ओकारी, जुलाब व ग्लानि एकदम आली, तर पॅनल्यूकोपेनिया या विषाणुजन्य रोगाची शंका घ्यावी. तो झपाट्यानें मारतो, आणि त्याचा विषाणु घरांत वर्षभरही टिकूं शकतो. त्याला प्रतिबंध लसीनेंच होतो. जमीन पुसण्यास फिनेल वापरूं नये. पंजे चाटतांना तें मांजराच्या पोटांत जातें व विषारी ठरतें. घाण आधीं काढून घेऊन, घरगुती ब्लीचचा एक भाग पाण्याच्या ३२ भागांत मिसळून फरशीवर दहा मिनिटें ठेवावा, मग स्वच्छ पाण्यानें धुवावें व वाळेपर्यंत मांजरास तिकडे येऊं देऊं नये. मांजराच्या विष्ठेंतून टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी पसरूं शकतो. मात्र तो बाधक होण्यास निदान एक दिवस लागतो, म्हणून विष्ठा रोजच्या रोज काढावी. घरांत गर्भवती स्त्री असल्यास हें काम दुसऱ्या कोणीं करावें व नंतर हात साबणानें धुवावेत.