समुद्रातील राखीव कुरण

सातारा-सांगलीकडच्या माणसाने समुद्रावर बोलावे, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. माझी शाळा नववीत सुटली आणि पुढचे आयुष्य साखर कामगारांच्या संघटनेत गेले. परंतु मासळी कमी का होते व ती राखावी कशी, हा प्रश्न मुळात रोजगाराचा आहे. म्हणून हे धाडस.

कुरण राखणे म्हणजे काय, ते आपल्याला सांगावे लागत नाही. गवताला बी धरेपर्यंत गुरे आत सोडायची नाहीत. नदीतही तसेच आहे. उन्हाळ्यात पात्र रोडावले की मासा डोहात जमतो. तेथे कोणी सुरुंग उडवला, तर त्याची एक दिवस चैन होते आणि पुढच्या पावसाला बीज उरत नाही. घाट उतरून महाडकडे गेलात, तर काळ नदीवर वाळण कोंड नावाचा डोह आहे. तेथील मासे वरदायिनी देवीचे, म्हणून कोणी धरीत नाही. महसीर जातीचे मोठाले मासे तेथे निर्धास्त फिरतात. देव मानो वा न मानो, व्यवस्था चोख आहे.

समुद्रातील राखीव क्षेत्राचे तत्त्व हेच. माशाची लांबी दुप्पट झाली, तर वजन सुमारे आठपट होते, आणि अंडी त्या मानाने किंवा त्याहूनही अधिक वाढतात. म्हणजे एक थोराड मादी अनेक लहान माद्यांचे काम करते. आणि मोठा मासा भाव खातो, म्हणून आपण आधी तिलाच उचलतो. एक भाग बंद ठेवला, तर अशा माद्या तेथे टिकतात. त्यांची पिले प्रवाहाबरोबर बाहेर जातात, वाढलेला मासाही हद्द ओलांडतो, आणि तो बाहेरच्या जाळ्यात येतो. मात्र हे खडकाला धरून राहणाऱ्या गोबऱ्यासारख्या माशाला लागू. बांगडा, तारली हे भटके. त्यांच्यासाठी जाळ्याचा आस, बंदीचा काळ आणि नौकांची संख्या यांवरच बंधन हवे.

महाराष्ट्रात असे सागरी अभयारण्य 1987 साली मालवणला जाहीर झाले. क्षेत्र सुमारे 29 चौरस किलोमीटर. पैकी सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा तीन चौरस किलोमीटरांहून थोडा अधिक भाग गाभ्याचा. तेथे प्रवाळ आहे. मच्छीमारांनी मात्र विरोध केला. त्यांना अडाणी म्हणणे सोपे आहे. मी मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढताना पाहिली आहे. दोन्ही टोकांना माणसे दोराला लागतात आणि मासळीचे वाटे पडतात. हा मनुष्य म्हणणार, ‘समुद्र खरवडला ट्रॉलरने, थवेच्या थवे उचलले पर्ससीन जाळ्याने, आणि बंदी माझ्या दारात?’ यात खोटे काय आहे? नफा एकाचा व कपात दुसऱ्याची, हा प्रकार कामगाराला नवा नाही. वन्यजीव कायद्यात 1991 च्या दुरुस्तीने स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचे हित राखण्याची तरतूद आली, ती मालवणच्या घोषणेनंतर चार वर्षांनी. पर्ससीनवर राज्याने कडक निर्बंध घातले ते 2016 साली.

पण मासळी संपेपर्यंत थांबणे हा तर सर्वांत महाग करार. कॅनडातील न्यूफाउंडलंडला कॉड मासा इतका उपसला गेला, की 2 जुलै 1992 रोजी सरकारला ती मासेमारीच बंद करावी लागली. तीस हजारांवर माणसे बेकार झाली. बंदी उठायला तीस वर्षांहून अधिक काळ लागला. उलट मेक्सिकोतील काबो पुल्मो गावच्या लोकांनी स्वतःच मागणी केली, आणि 1995 साली तेथे राखीव क्षेत्र झाले. 1999 ते 2009 या दहा वर्षांत तेथील माशांचे एकूण वजन चारशे टक्क्यांहून अधिक वाढले. मात्र गावाने मासेमारी सोडून पर्यटकांवर पोट भरले, हेही सांगितले पाहिजे.

फळ यायला वर्षे लागतात, आणि खलाशाची चूल रोज पेटावी लागते. म्हणून माझ्या मते कराराचे पहिले कलम मधल्या वर्षांच्या भरपाईचे हवे, दुसरे मोठ्या नौकांच्या आवराचे. हद्दीच्या खुणा त्यानंतर, आणि त्याही खडकन् खडक ओळखणाऱ्या मच्छीमारांना बरोबर घेऊन. 1 जून ते 31 जुलै अशी 61 दिवसांची यांत्रिक नौकांची बंदी पश्चिम किनाऱ्यावर आहेच. कोळी पूर्वापार पावसाळ्यात होड्या ओढून ठेवीत आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहून पुन्हा समुद्रात लोटीत. ही रीत कोणत्याही कचेरीने त्यांना शिकवलेली नाही.