कुत्री बांधून ठेवा

पहाटे ५:३०

फोन आला तेव्हा बाहेर अंधारच होता. फेब्रुवारी संपत आला की हॉक्स बेमध्ये असे फोन ठरलेलेच. न्यूझीलंडचा हा पूर्व किनारा उन्हाळ्यात पार वाळतो, टेकड्या पिवळ्या पडतात आणि मेंढ्या रायग्रास बुडख्यापर्यंत कुरतडून खातात. "तीसेक मेंढ्या झोकांड्या खातायत," पलीकडून आवाज आला. "आज सगळा कळप वरच्या कुरणात न्यायचा होता."

"मी येईपर्यंत कुणी हाकलू नका. कुत्री बांधून ठेवा."

झोकांड्यांच्या या आजारावर टोचायचं इंजेक्शन नाही. माझ्याकडे असलेला सगळ्यात मोठा उपचार मी फोनवरच देऊन टाकला होता.

७:१५

गाडी फाटकाबाहेर ठेवून चालत निघाले. लांबून कळप अगदी धडधाकट, माना खाली घालून चरणारा. पन्नासेक पावलांवर पोचले तशी एका मेंढीनं मान वर केली, आणि ती मान थरथरू लागली. आधी कान, मग डोकं, मग खांदे. ती पळायला गेली. पुढचे पाय काठ्यांसारखे ताठ झाले, दोन वेड्यावाकड्या उड्या पडल्या आणि ती कुशीवर कोसळली. पाय ताणलेले, डोळे टक्क उघडे.

मी होते तिथेच खाली बसले, मालकही बसला. पाहत राहण्यापलीकडे काही न करणं फार जड जातं. हात आपोआप पुढे होतात. तीन-चार मिनिटांनी ताण सैलावला. मेंढीनं मान उचलली, गुडघ्यांवर आली, उभी राहिली आणि पुन्हा गवताला तोंड लावलं.

हा सगळा खेळ लोलिट्रेम बी नावाच्या विषाचा. स्नायूंवरचा ताबा त्याने सुटतो. पण विषारी चारा थांबला की एक-दोन आठवड्यांत बहुतेक जनावरं सावरतात. मेंढ्या दगावतात त्या बहुतेक ओढ्यात पडून, तळ्यात बुडून, तारांत अडकून, घाबरून पळताना. इथल्या माझ्या पहिल्याच हंगामात मी चारचाकी बाइक घेऊन कळपाच्या जवळ गेले होते. एक मेंढी चरात पडली, तोंड चिखलात. मी पोचेपर्यंत उशीर झाला होता. तेव्हापासून गाडी फाटकाबाहेर.

८:३०

फुटवे गोळा केले, अगदी जमिनीलगत कापून. गवत हिरवंगार, पानावर ना डाग ना भुकटी. ते विष बनवणारी बुरशी गवताच्या आतच राहते, पेशींच्या मधल्या फटींत. पेशी फोडत नाही, बाहेर बीजाणू उडवत नाही. आईच्या बियाण्यातून पोरीत, एवढाच तिचा प्रवास. पानांचे पापुद्रे जिथे एकमेकांना गुंडाळलेले असतात त्या बुडख्यात आणि वर फुलोऱ्यात ती जास्त असते. पाऊसपाणी असताना मेंढी वरची पाती खाते, काही होत नाही. दुष्काळात ती बुडख्याला पोचते.

९:३०

शेजारी चिकोरीचा पट्टा होता. फाटक उघडलं आणि बाजूला झालो. तीनशे मीटरला दोन तास लागले. तोवर मालक एक अक्षर बोलला नाही, आणि त्याबद्दल मला त्याचा फार आदर वाटला.

१२:३०

जेवताना त्यानं विचारलंच, "हे गवत उपटून बिनबुरशीचं का पेरू नये?"

हा प्रश्न या देशानं आधीच विचारून झालाय. १९८१ मध्ये फ्लेचर आणि हार्वे यांनी मेंढ्यांच्या झोकांड्यांचा संबंध या बुरशीशी जोडला. मग बुरशी नसलेलं बियाणं पेरून पाहिलं, तर अर्जेंटाइन स्टेम वीव्हिल या सोंड्याच्या अळ्यांनी फुटवे आतून पोखरून कुरणं विरळ केली. बुरशीच गवताची राखण करत होती. पेरामिन नावाचं तिचं दुसरं रसायन त्या सोंड्याला गवतापासून दूर ठेवतं. म्हणून शास्त्रज्ञांनी बुरशीचेच वेगवेगळे वाण तपासले. २००१ मध्ये आलेली एआर१ पेरामिन बनवते, लोलिट्रेम बी नाही. २००७ मधली एआर३७ आणखी किडी आवरते, मात्र तिच्यावरही मेंढ्या कधीकधी झोकांड्या खातात, जुन्या बुरशीपेक्षा कमी. मला ही वाट पटते. बुरशीला शत्रू ठरवून हाकलण्यापेक्षा तिच्यातली सोसवेल अशी जात निवडणं शहाणपणाचं. पण खर्च मोठा: जुनं गवत मारायचं, मध्ये एखादं पीक घ्यायचं, मग पेरायचं, जमिनीत पडलेलं जुनं बी उगवून आलं की पुन्हा तेच.

३:३०

दवाखान्यात फुटव्याचा आतला पापुद्रा सोलला, काचेवर ॲनिलिन ब्लूचा थेंब टाकला. सूक्ष्मदर्शकाखाली विटांच्या भिंतीसारख्या पेशी, आणि त्यांच्या सांध्यांतून निळे तंतू, पानाच्या लांबीनं नागमोडी गेलेले, फांद्या जवळजवळ नाहीतच. इतक्या वर्षांनीही हे दृश्य मी दोनदा पाहते.

रात्री ८:३०

अप्पांना फोन लावला. भारतात, पारनेरला दुपारचा एक. ते जेवायला बसलेले.

"मेंढरं अजून डोलत्यात का गं?"

मी सकाळचं सांगितलं. त्यांना बाजरीचा अरगट ठाऊक आहे. कणसातून गळणारा मधासारखा चिकटा त्यांनी बोटानं पुसलाय. तो आमच्या बुरशीचा भाऊबंदच. इथली बुरशी एर्गोव्हॅलिन बनवते, तेही अरगटाच्या विषांच्याच घराण्यातलं. त्यानं रक्तवाहिन्या आकसतात आणि जनावराला ऊन सोसत नाही.

"आपण धा लिटर पाण्यात दोन किलो मीठ टाकून बी बुडवतो," अप्पा म्हणाले. "अरगट वर तरंगतो. तुमचं नाही तरंगत?"

"नाही अप्पा. दाण्याच्या आतच असतं, दाणा धरून बुडतं."

ते घास चावत राहिले. मग विचारलं, "सगळी उठली का?"

सगळी उठली. एक मात्र संध्याकाळीही सावलीत उभी होती, डोकं हलवत. तिला उद्या सातला बघायचंय.