सुमेर-बाबिलोनची वैद्यकविद्या : मात्रा हरवलेले योग

टायग्रिस व युफ्रेटिस या नद्यांच्या खालच्या खोऱ्यातील सखल प्रदेश, म्हणजे आजच्या इराकचा दक्षिण भाग, ही सुमेरियन लोकांची भूमी होय. इ.स.पू. चौथ्या सहस्रकात येथे उरुक, ऊर, निप्पूर यांसारखी नगरे उदयास आली. मंदिरांच्या कोठारांतील धान्य व पशू यांचा हिशेब ठेवण्याच्या गरजेतून लेखनकला निर्माण झाली. ओल्या मातीच्या पाटीवर बोरूच्या टोकाने ठसे उमटवून लिहिलेली ही कीलाकार लिपी पुढे सुमारे तीन हजार वर्षे प्रचारात राहिली. याच लिपीत जगातील आज उपलब्ध असलेला आद्य योगसंग्रह लिहिला गेला. औषधीद्रव्यांशी नित्य संबंध येणाऱ्या वैद्यांना व औषधनिर्मात्यांना त्याचा परिचय असावा, या हेतूने हा लेखप्रपंच.

निप्पूरची पाटी

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निप्पूर येथे केलेल्या उत्खननात सुमारे १६ सें.मी. लांब व ९.५ सें.मी. रुंद अशी एक पाटी मिळाली. तिचा काळ इ.स.पू. २१०० च्या आसपासचा मानला जातो. ती वाचण्यास केवळ भाषापंडित पुरेसा नव्हता. १९५३ मध्ये सुमेरविद्येचे अभ्यासक सॅम्युएल नोआ क्रेमर यांनी रसायनशास्त्राच्या इतिहासाचे जाणकार मार्टिन लेव्ही यांचे साहाय्य घेतले, तेव्हा तिचा अर्थ उलगडू लागला. पुढे १९६० मध्ये मिगेल सिव्हिल यांनी तिचे अधिक शुद्ध वाचन प्रसिद्ध केले.

पाटीवर बारापेक्षा अधिक योग आहेत. द्रव्ये वानस्पतिक, प्राणिज व खनिज अशी तिन्ही प्रकारची आहेत. मीठ, दूध, कासवाची पाठ, सर्पाची कात, खजूर आणि अनेक वृक्षांची साल, मूळ, बीज व निर्यास यांचा उल्लेख येतो. कल्पनाही तीन प्रकारच्या दिसतात. काही योग कुटून लेपासाठी वापरावयाचे, काही सुरेत मिसळून पोटात द्यावयाचे, तर काहींमध्ये प्रथम व्याधिस्थान धुऊन मग लेपन करावयाचे आहे. एका योगात कासवाची पाठ, क्षार देणारी अंकुरित वनस्पती, मीठ व मोहरी एकत्र कुटून गाळावी, व्याधिस्थान उत्तम बिअरने व उष्णोदकाने धुवावे, या मिश्रणाने ते घासावे, नंतर तेल चोळून देवदारवर्गीय वृक्षाचे चूर्ण लावावे, असा क्रम सांगितला आहे. क्षालन, घर्षण, स्नेहन व अवचूर्णन हा अनुक्रम आपल्या वाचकांस अपरिचित वाटणार नाही. जवाची बिअर तर तेथे जवळजवळ सार्वत्रिक अनुपान होती.

विशेष म्हणजे या पाटीवर मंत्र नाहीत, भूतपिशाचांचा उल्लेखही नाही. त्याचबरोबर दोन अत्यावश्यक गोष्टींचाही तेथे अभाव आहे. कोणत्या व्याधीवर हा योग द्यावा, हे बहुतेक ठिकाणी लिहिलेले नाही. आणि द्रव्यांचे मान कोठेही दिलेले नाही. लिहिणाऱ्याला ते ठाऊक होते व शिष्यालाही ते प्रत्यक्ष दाखवले जात असणार. म्हणूनच ते लिहिण्याची गरज त्याला भासली नसावी.

बाबिलोन : वैद्याचे दायित्व

सुमेरियन सत्तेचा अस्त झाल्यावर त्यांची विद्या अक्काडी भाषा बोलणाऱ्या बाबिलोनियन व असीरियन लोकांनी जतन केली. सुमेरियन ही बोलीभाषा राहिली नाही, तरी विद्वानांची भाषा म्हणून टिकली आणि वनस्पतींची नावे सुमेरियन चिन्हांतच लिहिली जाऊ लागली.

इ.स.पू. अठराव्या शतकातील हम्मुराबीच्या विधिसंहितेत वैद्यांविषयी स्वतंत्र कलमे आहेत. ब्राँझच्या शस्त्राने मोठी जखम हाताळून उच्च वर्गातील मनुष्याचे प्राण वाचविल्यास १० शेकेल रौप्य, सामान्य नागरिकासाठी ५ व दासासाठी २ शेकेल असे वेतन ठरले होते. उच्चवर्गीय रुग्ण दगावल्यास मात्र वैद्याचे हात तोडण्याची शिक्षा होती. शस्त्रकर्म व अस्थिसंधान यांसाठी इतके कठोर नियम असताना औषधीद्रव्यांची शुद्धता किंवा मात्रा यांविषयी या संहितेत एकही कलम नाही.

मेसोपोटेमियात दोन प्रकारचे चिकित्सक होते. ‘असू’ हा प्रामुख्याने औषधी देणारा, तर ‘आशिपू’ हा मंत्र व विधी जाणणारा. युक्तिव्यपाश्रय व दैवव्यपाश्रय हा चरकोक्त भेद येथे स्मरतो. मात्र दोघांची क्षेत्रे परस्परांत मिसळलेली होती. इ.स.पू. अकराव्या शतकात एसागिल-किन-अपली या विद्वानाने ४० पाट्यांचा निदानग्रंथ संपादित केला. त्यातील मोठ्या भागात रोगलक्षणे मस्तकापासून पायापर्यंत या क्रमाने मांडलेली आहेत.

त्यांचे निघंटु

असीरियन विद्वानांनी ‘उरुअन्ना’ नावाचा वनस्पतिकोश सिद्ध केला. एका वनस्पतीची विविध भाषांतील पर्यायी नावे त्यात समोरासमोर दिली आहेत. अन्य एका ग्रंथात वनस्पतीचे रूप दुसऱ्या परिचित वनस्पतीशी तुलना करून वर्णिले आहे. अश्शूर येथील एका पाटीवर तीन स्तंभ आहेत : वनस्पती, व्याधी आणि प्रयोगविधी. निप्पूरच्या पाटीतील उणीव उत्तरकालीनांनी ओळखली होती, याचीच ही साक्ष आहे.

इ.स.पू. ६१२ मध्ये निनेव्हे नगर जाळले गेले. तेथील अशुरबनिपाल राजाच्या ग्रंथालयातील मातीच्या पाट्या आगीत नष्ट होण्याऐवजी अनेक भाजून अधिकच पक्क्या झाल्या. तीस हजारांहून अधिक पाट्या व तुकडे आज ब्रिटिश संग्रहालयात आहेत. परंतु इसवी सनाच्या प्रारंभीच्या शतकांत ही लिपी वाचणारी परंपरा संपली. १९४९ मध्ये कॅम्पबेल थॉम्प्सन यांचा असीरियन वनस्पतींचा कोश प्रसिद्ध झाला. त्यातील अनेक निश्चिती पुढील अभ्यासकांनी अमान्य केल्या. नावे उरली, द्रव्ये हरवली.

आपल्यासाठी बोध

आयुर्वेदाची परंपरा अखंड आहे, हे आपले भाग्य. तथापि संदिग्ध द्रव्यांचा प्रश्न आपल्याकडेही आहेच. ‘रास्ना’ या एका नावाने उत्तरेत प्लुचिया, दक्षिणेत अल्पिनिया, तर बंगालमध्ये वंदा ही वनस्पती वापरली जाते. अष्टवर्गातील द्रव्ये दुर्मिळ झाल्याने भावप्रकाशकारांना मेदा-महामेदा यांसाठी शतावरी, काकोली-क्षीरकाकोली यांसाठी अश्वगंधा असे प्रतिनिधी सांगावे लागले. त्यांनी ते लिहून ठेवले, म्हणूनच बदल कोठे झाला हे आज आपणास कळते.

अनेक वैद्यघराण्यांतील अनुभूत योग आजही वहीत केवळ द्रव्यांच्या नावांनी नोंदलेले असतात; मान, भावनांची संख्या व पाकाची परीक्षा वडीलधाऱ्यांच्या हातात असते. औषधनिर्मात्यांच्या नोंदीतही ‘रास्ना’ एवढेच लिहिले जाते. कोणत्या वनस्पतीचे कोणते अंग, कोणत्या ऋतूत घेतले, प्रतिनिधी द्रव्य वापरले काय, हे लिहिले जात नाही. प्रत्येक योगासमवेत वनस्पतीचे शास्त्रीय नाव, प्रयोज्य अंग, मान, संस्कार व प्रतिनिधी यांची नोंद ठेवावी आणि द्रव्याचा नमुनाही जपावा. निप्पूरच्या त्या वैद्याची पाटी चार हजार वर्षे टिकली. परंतु तिच्यावरून एकही योग आज निःशंकपणे सिद्ध करता येत नाही. आपल्या वह्यांविषयी पुढील पिढीस असे म्हणण्याची वेळ येऊ नये.