परमुलखातले गुरुजी

जपानात परदेशी शिक्षकाला पहिला धडा शेजारी देतात, कचऱ्याचा! जळणारा एका वारी, बाटल्या-डबे दुसऱ्या वारी. वार चुकला की पिशवी तिथेच पडून. शाळेत झाडू-फडकं मुलंच घेतात. सुट्टीला डब्यात भाताचे मुटके घेऊन आगगाडीनं जवळच्या डोंगरावर जायचं, चैत्रात साकुराची फुलं बघायची. पुण्यात जपानी शिकलेले योगेंद्र पुराणिक तिथं असे रुजले, की २०१९ साली टोकियोच्या एडोगावा वॉर्डात निवडून आले. पुढे इबाराकीत सरकारी शाळेचे मुख्याध्यापकही झाले.

आपल्या शिवथरलाही घाटावरून बाई येतात. एसटी कधी, पाणी कधी, त्यांना कोण सांगतं? रविवारी खोलीत एकट्याच. आम्ही ठरवलंय, यंदा नव्या बाईंना गटाच्या बैठकीला बोलवायचं आणि पाऊस ओसरला की भाकरी बांधून घळीला न्यायचं.